बदला, प्रत्युत्तर की जाब?

खानापूरच्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलंय, वक्तृत्व स्पर्धेला विषय आहे की एका देशानं दुसऱ्या देशावर अन्याय केला तर त्यानं काय करावं. तिनं भाषणात सगळीकडे 'बदला' लिहिलं होतं, सर म्हणाले 'प्रत्युत्तर' कर. यातलं बरोबर काय?

मला विचारशील तर दोन्ही अपुरे.

आधी 'बदला' बघ. बदल, बदली, बदल्यात, बदला हे सगळे एकाच अरबी मुळातून आलेले, एकाच्या जागी दुसरं एवढाच त्यांचा मूळ अर्थ. डेपोत बदली ड्रायव्हर असतो ना, तसं बदल्यातही कोणीतरी बदली माणूसच सापडतो आणि मार तो खातो. 6 डिसेंबर 2022ला सीमावादावरून बेळगावजवळच्या आपल्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि लगेच तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. दगड मारणारे वेगळेच, आणि काळं फासलेल्या बसचा ड्रायव्हर वेगळाच, त्या बिचाऱ्याचा काय संबंध. ही दोन राज्यं आहेत, देश नव्हेत, हे मान्य, पण देशांच्या बाबतीत हा शब्द असाच चालतो, फक्त बदली माणसं हजारोंनी असतात.

आपल्याकडं कन्नड कानावर असतंच. उधारी फेडली की गिऱ्हाईक म्हणतं 'साल तीरिसिदे', आणि सूड घ्यायचा तर 'सेडु तीरिसोदु', क्रियापद एकच. मराठीतली 'परतफेड' पण कर्जाची होते, उपकाराची होते आणि अपमानाचीही होते. मला हा हिशोबाचा शब्द बदल्यापेक्षा बरा वाटतो, कारण उधारीच्या वहीत नाव असतं आणि आकडा असतो, शेजाऱ्याच्या दारात जाऊन कोणी वसुली करत नाही आणि शंभराचे हजारही मागत नाही.

आता 'प्रत्युत्तर'. म्हणजे उत्तराला उत्तर. हल्ला चालू असताना देश स्वतःला वाचवतो तिथं हा शब्द ठीक आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं 51वं कलम तो हक्क देतंच. पण एरवी ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच उत्तर का द्यायचं? उत्तर द्यायचंय ते ज्यानं केलं त्यानं. त्यासाठी आपल्याकडं 'जाब' आहे, जवाबचाच भाऊ, आणि 'जबाबदारी' त्याच घरातली, कन्नडात पण 'जवाब्दारी'च म्हणतात. जाब विचारला की बोलायची पाळी चूक करणाऱ्यावर येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक खरी गोष्ट सांगतो, भाषणात घाल. ऑक्टोबर 1914, पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात नौलिला नावाचं ठाणं. पोर्तुगाल तेव्हा तटस्थ होता. जर्मनांची एक तुकडी बोलणी करायला आली, दुभाषाला भाषा धड येत नव्हती, गैरसमज वाढत गेला आणि तीन जर्मन मारले गेले. जर्मनीनं काही न विचारता पोर्तुगीजांची ठाणी उद्ध्वस्त केली. पुढं 1928मध्ये लवादानं जर्मनीला दोषी धरलं, कारण आधी जाबच मागितला नव्हता आणि जे केलं ते झालेल्या घटनेच्या मानानं कितीतरी जास्त होतं. दुभाषाच्या कच्च्या भाषेपायी सुरू झालेलं हे, आणि विचारलं असतं तर तिथंच उलगडलं असतं, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. 2001मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगानं नियम मांडले त्यातही हेच आहे, उपाय करायचा तो चूक करणाऱ्या देशावरच, नुकसानीच्या मापात, आणि तो ताळ्यावर आला की थांबवायचा. शिक्षा म्हणून नाही करायचा.

तर 'बदला' काढ. जिथं खरंच खुनशीपणाबद्दल बोलतेस तिथं सरळ 'सूड' म्हण, लपवू नकोस. 'वचपा' आणि 'उट्टं' क्रिकेटच्या बातमीला राहू दे, माणसं मरतात तिथं ते शब्द नकोत. बाकी ठिकाणी 'जाब', आणि जाब न मिळाल्यास 'उपाय' किंवा 'भरपाई'. फक्त जाब 'विचारतात', 'मागतात' आणि समोरचा तो 'देतो', 'जाब घेतला' असं लिहू नको.