टोच पडली, पण पिल्लू बाहेर येईना

प्रश्न : घरच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये कोंबडीची १२ अंडी बसवली होती. २१व्या दिवशी सकाळपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. एका अंड्याला आदल्या संध्याकाळी टोच पडली आहे. चोचीचं टोक दिसतं, आतून आवाज येतो, पण पुढे काहीच नाही. दुसऱ्या एका अंड्याला निमुळत्या टोकाकडे टोच पडली आहे. मुलगी म्हणते, कवच सोलून काढ. आई म्हणते, हात लावलास तर मरेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमचं पत्र माझ्याकडे येऊन हे उत्तर छापून होईपर्यंत त्या दोन्ही पिल्लांचा निकाल लागलेला असणार. तेव्हा हे पुढच्या खेपेसाठी समजा. पहिल्या अंड्यापुरतं आईचं बरोबर. दुसऱ्याच्या बाबतीत मुलीचंही थोडं ऐकायला हवं.

टोच पडली म्हणजे पिल्लू बाहेर यायला निघालं, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते तेव्हा थांबलेलं असतं. आधी ते अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुफ्फुसांनी श्वास घेतं. चिवचिव तेव्हापासूनच ऐकू येते. ती हवा पुरेनाशी झाली की कवचाला टोच मारतं. तोवर त्याचा श्वास चालायचा तो कवचाच्या आत पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर. त्या जाळ्यातलं रक्त आता हळूहळू अंगात परतत असतं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. या कामाला १२ ते २४ तास सहज लागतात. बाहेरून बघणाऱ्याला पिल्लू दमलंय, अडकलंय असं वाटतं. मधूनमधून ते जांभई दिल्यासारखी चोच उघडतं, तेव्हा तर जीव कासावीस होतो. पण ती जांभई म्हणजे आतलं काम अजून चालू आहे एवढंच. या वेळी कवच सोललंत तर भरलेली रक्तवाहिनी फाटते, आणि एवढ्याशा जिवात सांडायला रक्त असतंच किती?

काम संपलं की पिल्लू कवच गोल कापत सुटतं. रुंद टोकाकडून पाहिलं तर बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने. मग टोपण उचलावं तसं ते टोक ढकलून बाहेर येतं. काही पिल्लं हे अर्ध्या तासात उरकतात, काहींना तीन-चार तास लागतात.

मग मदत करायची कधी? घड्याळ आणि कवचाखालचा पातळ पापुद्रा, या दोन्हींनी हो म्हटलं तर. टोच पडून २४ तास उलटले आणि कापायला सुरुवातही नाही, किंवा अर्धवट कापून काही तास सगळं ठप्प आहे, तर अंडं हातात घ्या. भोकाजवळचा पापुद्रा बघा. पिवळट, कागदासारखा कोरडा होऊन पिल्लाच्या पिसांना चिकटला असेल तर पिल्लू खरंच अडकलंय. त्याला आत वळताच येत नाही. असं बहुतेक वेळा झाकण सारखं उघडल्याने होतं. बाहेर आलेली पाच पिल्लं काढायला तुम्ही झाकण उघडलं होतंत का, हे पत्रात लिहिलेलं नाही, पण मला तोच संशय आहे. पहिल्या पिल्लांना घाई नसते. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस बिनखाण्याची आरामात राहतात. शेवटच्या तीन दिवसांत, म्हणजे १८व्या दिवसापासून, अंडी फिरवायची नाहीत, आर्द्रता ६५-७० टक्के ठेवायची आणि झाकणाला हात लावायचा नाही.

कामाची रीत अशी. हात स्वच्छ धुवा. कोमट पाण्यात बुडवलेली कापसाची काडी पिळून पापुद्र्यावर फिरवा. चोचीवरच्या नाकपुड्यांत पाणी जाता कामा नये. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा दिसतात. रेषा ठळक असतील तर लगेच थांबा, अंडं परत आत ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. रेषा नसतील तर भोकापासून कवचाचे बारीक तुकडे नखाने काढत, रुंद टोकाभोवती थोडंच पुढे जा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथे कोरडा कापूस हलकेच दाबून धरा आणि काम बंद. डोकं आणि पंख मोकळे झाले की तुमचं काम संपलं. मागचा अर्धा भाग त्याचा त्याला सोडवू द्या, कारण बलक पूर्ण आत गेला नसेल तर तो तिथेच असतो.

निमुळत्या टोकाकडून टोच मारणारं पिल्लू उलटं बसलेलं असतं. हवेच्या पोकळीपर्यंत त्याची चोच पोचलेली नसते आणि वळायला जागाही कमी. अशी काही आपली आपण निघतात, बरीच निघत नाहीत. इथे मी वाट बघत बसत नाही. टोच बंद झालेली नाही ना, चोचीला हवा मिळते ना, हे आधी बघते आणि भोक नखाएवढं मोठं करून ठेवते. बाकी सोलणं वरच्याच नियमाने, लाल रेषा गेल्यावर.

सगळीच अंडी एक-दोन दिवस मागे असतील तर दोष पिल्लांचा नाही, थर्मामीटर तपासा. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस लागतं.

प्रश्न : आमची अंडी खुडूक कोंबडीखाली आहेत. तिच्याखाली पिल्लू अडकलं तर?

उत्तर : ती कवच फोडून देत नाही, तुम्हीही मध्ये पडू नका. तिच्या पोटाखालची ऊब आणि ओल मशीनपेक्षा चांगली असते. मात्र निघालेली पिल्लं घेऊन ती एक-दोन दिवसांत घरट्यावरून उठते. तेव्हा उरलेली अंडी कानाला लावा. आवाज आला तर तेवढं अंडं उबेला ठेवा. काहीच हालचाल नसेल आणि वास येत असेल तर ते न हलवता दूर नेऊन पुरा. फुटलं तर अंघोळ करावी लागेल.