बारा-चौदा वर्षांचे असतानाचे बुद्धिबळ जगज्जेते कॅपाब्लांका, फिशर, कार्लसन, गुकेश: सगळ्यांत बलवान कोण, हे ठरवायचं कसं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेत. पटावरच्या चाली किती अचूक होत्या, हा एक. मुलगा आपल्या काळच्या दिग्गजांच्या किती जवळ पोचला होता, हा दुसरा. पहिल्यात अलीकडची मुलं जिंकणार हे धरून चाला. त्यांच्या हाताशी लाखो डाव आणि इंजिन (चाली तपासणारा संगणकीय प्रोग्रॅम) आहे. दुसऱ्यात माझं मत चौदा वर्षांच्या फिशरला.

ग्रँडमास्टर झाल्याचं वय हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फसवं माप. फिशर १५ वर्षं ६ महिने १ दिवस, गुकेश १२ वर्षं ७ महिने १७ दिवस, अभिमन्यू मिश्रा १२ वर्षं ४ महिने २५ दिवस. यावरून फिशर मागे वाटतो. पण १९५८ साली त्याला किताब मिळाला तो पोर्तोरोझच्या इंटरझोनल स्पर्धेतून कँडिडेट्ससाठी पात्र ठरल्यामुळे, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत जागा मिळवून. आज लागतात २६०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे ताकदीचा आकडा) तोडीच्या कामगिरीचे तीन नॉर्म, म्हणजे किताबासाठी धरले जाणारे स्पर्धेतले निकाल, आणि स्वतःचं २५०० रेटिंग. हेही सोपं नाहीच, पण परीक्षाच वेगळी आहे. शिवाय नॉर्मसाठीच भरवलेल्या स्पर्धा आता वर्षभर चालू असतात.

त्यापेक्षा एकसारखे निकाल शेजारी ठेवून बघा. १९५७-५८ च्या अमेरिकन अजिंक्यपदात १४ वर्षांच्या फिशरने १३ डावांत १०.५ गुण केले: ८ विजय, ५ बरोबऱ्या, एकही हार नाही. जानेवारी २००४ मध्ये वाइक आन झीच्या ‘क’ गटात १३ वर्षांच्या कार्लसननेही १३ पैकी १०.५ गुणच केले. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यात ८१ टक्के गुण म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीपेक्षा २५१ वरची कामगिरी, आणि ती दोघांचीही तेवढीच. फरक आहे तो हे २५१ गुण ज्या सरासरीत मिळवायचे तिच्यात. कार्लसनच्या गटाची सरासरी छापील यादीतून मिळते, पण तो त्या स्पर्धेचा तिसरा गट होता. फिशरच्या वेळी फिडेची रेटिंग यादीच नव्हती (ती १९७१ पासून), मात्र अमेरिकेचा तेव्हाचा अव्वल खेळाडू रेशेव्स्की त्याच स्पर्धेत त्याच्या मागे राहिला. पुढच्याच वर्षी, १९५९ च्या कँडिडेट्समध्ये, फिशर २८ पैकी १२.५ गुणांसह पाचव्या-सहाव्या जागी होता.

एलो रेटिंग (निकालांवरून काढलेला हाच ताकदीचा आकडा) थेट ताडून पाहू नका. ते फक्त त्या वेळच्या खेळाडूंमधलं अंतर सांगतं: २०० गुणांचा फरक म्हणजे सुमारे ७६ टक्के गुणांची अपेक्षा, बस्स. मुलांचं रेटिंग तर त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागेच धावत असतं. म्हणूनच फिडे १८ वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूंना ४० चा के-गुणक देते (तो जितका मोठा तितकं रेटिंग लवकर बदलतं). त्यात मार्च २०२४ मध्ये २००० खालच्या सगळ्यांना २००० पासूनच्या फरकाच्या ४० टक्के गुण एकदम वाढवून मिळाले. १५०० चा खेळाडू रातोरात १७०० चा झाला. त्याआधीची आणि नंतरची आठ-नऊ वर्षांची मुलं रेटिंगवरून तोलणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्या वापरणं.

चालींची अचूकता स्वतः मोजायची असेल तर निम्मं काम डाव निवडण्यातच आहे. जन्मतारखेवरून वयाची चौकट ठरवा आणि फक्त संथ वेळेचे स्पर्धात्मक डाव घ्या. एकाच वेळी अनेकांशी खेळलेले डाव बाद. (रेशेव्स्कीच्या बालपणीची कीर्ती बहुतेक त्यांवरच उभी आहे, दहाव्या वर्षी न्यूयॉर्क १९२२ मध्ये नामांकित खेळाडू यानोव्स्कीला हरवलं तो डाव मात्र धरा.) सुटे डाव वेचू नका, सगळे डाव उपलब्ध असलेली अख्खी स्पर्धाच घ्या. जुन्या काळचे देखणे विजय छापले गेले, रटाळ पराभव हरवले. ते वेचले की प्रत्येक जुना मुलगा देवासारखा खेळलेला दिसतो.

पहिल्या १२ चाली सोडा. आजच्या डावांत पाठ केलेली तयारी जिथे संपते तिथपर्यंत सोडा. जुन्या डावांत साधारण ४० चालींनंतर थांबा, कारण डाव तहकूब झाला की पुढचं घरी रात्रभर तपासलेलं असे. स्टॉकफिश या इंजिनाची एकच आवृत्ती, एकच थ्रेड (संगणकाची एकच समांतर प्रक्रिया) आणि प्रत्येक चालीला ठरावीक नोड (तपासलेल्या स्थिती), समजा २० लाख. सेकंद ठरवाल तर संगणक बदलला की आकडे बदलतील, आणि अनेक थ्रेड लावाल तर त्याच संगणकावरही बदलतील.

चालीमुळे झालेला तोटा सेंटीपॉनमध्ये (प्याद्याच्या शंभराव्या भागात) मोजून थांबू नका, तो जिंकण्याच्या शक्यतेत बदला. लिचेस या बुद्धिबळ संकेतस्थळाच्या सूत्रानं +९ (नऊ प्याद्यांइतकी आघाडी) वरून +५ वर घसरणं म्हणजे सुमारे १० टक्क्यांचं नुकसान, आणि ० वरून −४ वर घसरणं म्हणजे ३१. सेंटीपॉनमध्ये दोन्ही ४००. तसंच मूल्यांकन सहा प्याद्यांच्या पलीकडे गेलं की त्या चाली मोजूच नका.

खरी मेख इथे आहे: साध्या स्थितीत अचूक खेळणं सोपं असतं. २००६ मध्ये गुइड आणि ब्रात्को या संशोधकांनी क्रॅफ्टी इंजिनाने जगज्जेते तपासले तेव्हा कॅपाब्लांका सगळ्यांत कमी चुका करणारा निघाला, आणि त्याच्या स्थिती सोप्या असत हेही त्यांनीच दाखवलं. म्हणून नुसता आकडा नको. त्याच स्पर्धेतल्या बाकीच्यांनी आपसांत खेळलेले डावही त्याच गाळणीतून काढा आणि मुलाचा आकडा त्यांच्या सरासरीतून वजा करा. प्रतिस्पर्ध्याच्या फक्त या मुलाविरुद्धच्या चाली घेतल्या तर घोटाळा होतो, कारण मुलानं आणलेल्या दडपणामुळेच त्या बिघडलेल्या असतात.

कॅपाब्लांकाबाबत पुरावा तोकडा आहे. १९०१ च्या अखेरीस, नुकता तेरा वर्षांचा झालेल्या या मुलानं क्यूबाच्या विजेत्या कोर्सोला ४ विजय, ३ पराभव, ६ बरोबऱ्या असं हरवलं. १३ डावांत ७ गुण म्हणजे अंदाजाला सुमारे १४० एलो इकडे-तिकडे जागा. एप्रिल १९०२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत तो सहा जणांत चौथा आला आणि कोर्सोविरुद्धचे दोन्ही डाव हरला. कोर्सो युरोपातल्या दिग्गजांपासून किती दूर होता हे या डावांतून कळत नाही, त्यामुळे तेराव्या वर्षीच्या कॅपाब्लांकाला मी या क्रमवारीत बसवत नाही.