बोगद्यांचा ठेकेदार जहाजांकडे कसा वळला?

प्रश्न : भोर घाटात बोगदे खोदणाऱ्या वालचंद हिराचंदांनी जहाजाचा कारखाना थेट विशाखापट्टणमला का काढला? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वालचंद तुमच्याच गावचे, म्हणून आधी हे सांगतो : जहाजांचा नाद त्यांना कारखान्याच्या कितीतरी आधीचा. 1919 साली सिंदिया ही जहाज कंपनी काढून त्यांनी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडला धाडलं. पण परक्यांकडून जहाजं घेऊन किती दिवस भागणार? कारखान्यासाठी आधी कलकत्त्यात खटपट केली, तिथं जमलं नाही, म्हणून विशाखापट्टणम गाठलं. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथं पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. तरी वालचंद हटले नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

14 मार्च 1948 रोजी नेहरूंनी या कारखान्यात बांधलेली ‘जलउषा’ ही बोट पाण्यात सोडली. मी गोदीत उमेदवारी केलेला माणूस. जहाज ज्यावरून पाण्यात घसरतं, त्या उतारावरच्या लाकडी फळ्यांना चरबी चोपडताना हात कोपरापर्यंत बरबटायचे. शेवटचे अटकाव काढले की एवढं थोरलं धूड आधी कुरकुरतं, मग सुटतं. त्या दिवशी तिथल्या कामगारांना काय वाटलं असेल!

1952 मध्ये सरकारने कारखान्याची बहुतांश मालकी घेतली, 1961 मध्ये पूर्ण ताबा. तीच आजची हिंदुस्थान शिपयार्ड.