साइझ ७, पण कुठला ७?

प्रश्न : आमच्या वेबसाइटवर कोल्हापुरी चपला आहेत. फोटो चांगले, माल चांगला. तरी दहातले तीन जोड ‘साइझ बसला नाही’ म्हणून परत येतात. कुरिअरचा दोन्हीकडचा खर्च आमच्याच अंगावर. काय करावं? (एक विक्रेती, कोल्हापूर)

उत्तर : नुसता नंबर दाखवत असाल, तर हे होणारच. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा, युरोपीय पद्धतीत ६.७ चा. त्यात हाताने बनवलेला माल. एका कारागिराचा ७ दुसऱ्याच्या ७ शी जुळेलच असं नाही. बुटाला लेस असते, सँडलला बक्कल. कोल्हापुरीत पट्टा पक्का असतो, चूक सांभाळून घ्यायला जागाच नाही.

म्हणून नंबराशेजारी चपलेच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये द्या. तीही हातातला जोड मोजून, इंटरनेटवरचा तक्ता उचलून नव्हे. पायाची लांबी आणि तळाची लांबी असे दोन वेगळे रकाने ठेवा. एकच असला की गिऱ्हाईक तळाचं माप पायाचं समजून बसतं. पाय मोजायची रीतही तिथेच सांगा : जमिनीवर भिंतीलगत कागद ठेवून, भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं आणि सर्वांत पुढे आलेल्या बोटाशी खूण करायची (ते अंगठ्याचंच असतं असं नाही). दोन्ही पाय मोजून मोठं माप धरायचं. संध्याकाळी मोजलेलं बरं, दिवसभरात पाय थोडा फुगतो.

नवी चप्पल पट्ट्यात आवळते आणि वापरून सैल होते, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मात्र माहीत नसतं. ते वाक्य साइझ निवडायच्या जागीच लिहा, पानाच्या तळाशी कुठेतरी नको.

परतीच्या कारणांत ‘साइझ’ हा एकच पर्याय असेल तर तो फोडा : लांबीला आखूड, लांबीला मोठी, पट्टा घट्ट, पट्टा सैल. महिनाभराच्या नोंदी पाहा. तक्रार पट्ट्याचीच निघाली, तर लांबीचा तक्ता कितीही सुधारून उपयोग नाही; बोलणं कारागिराशी करावं लागेल.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं यूपीआयने पैसे गेले, आमच्याकडे ऑर्डरच दिसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा होतं. (पैठणी विक्रेते, येवला)

उत्तर : मोबाइलवर गिऱ्हाईक ब्राउझरमधून यूपीआय अॅपमध्ये जातं, पिन टाकतं आणि पुष्कळदा परत फिरकतच नाही. तुमची साइट ‘धन्यवाद’चं पान उघडल्यावरच ऑर्डर पक्की करत असेल, तर पैसे भरूनही ऑर्डर लटकते. तुमच्या डेव्हलपरला विचारा, वेबहुक लावलाय का? वेबहुक म्हणजे पेमेंट गेटवेने (तुमच्या साइटसाठी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेने) थेट तुमच्या सर्व्हरला धाडलेला निरोप. त्यावरची डिजिटल सही तपासायला हवी, नाहीतर कोणीही खोटा निरोप धाडील. तोच निरोप दोनदा येऊ शकतो. पेमेंट आयडी आधी नोंदलेला असेल तर दुसरा सोडून द्यायचा. निरोप आलाच नाही, तर १५ मिनिटांनी सर्व्हरने स्वतःहून गेटवेला स्थिती विचारावी. तोवर ती पैठणी राखून ठेवा, एकाच नगाचे पैसे दोघींनी भरले तर नवं भांडण.

पडद्यावर तेवढ्यात ‘पेमेंट फेल’ लिहू नका, माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. ‘बँकेकडून खात्री होत आहे, पुन्हा पैसे भरू नका’ असं लिहा. पैसे कापले गेले आणि दुकानदाराला खात्रीच मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत व्हायला हवेत. पुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. फोन आला की गिऱ्हाइकाला दिवस मोजून नेमकी तारीख सांगा. ‘होईल दोन-चार दिवसांत’ म्हटलंत, तर रोज फोन येईल.

प्रश्न : डिलिव्हरीचा चार्ज शेवटच्या पानावर दाखवला तर चालतं ना? सगळेच तसं करतात. (पुणे)

उत्तर : नाही. केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या (म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत हे बसत नाही. गिऱ्हाईकही नेमकं तिथेच पळतं. वस्तूच्या पानावरच पिनकोड विचारा आणि चार्ज, पोचायची तारीख, कॅश ऑन डिलिव्हरी मिळेल की नाही, हे तिथेच दाखवा. आधीच टिक केलेलं ‘गिफ्ट पॅकिंग ४९ रुपये’ही काढून टाका. आणि ‘फक्त २ शिल्लक’ हे गोदामात खरोखर दोनच असतील तेव्हाच.