मुलीनं मजुरांच्या मुलांना शाळेत घातलं. तिच्यासाठी बालहक्काच्या पुरस्काराचा अर्ज करावा का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडते. मुलगी दहावीला, वय पंधरा, राहायला वाघोलीला. सोसायटीमागे बांधकाम चालू आहे आणि तिथे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथल्या मुलांना ती आणि तिच्या मैत्रिणी वर्षभर शनिवार-रविवार शिकवतायत, काहींना शाळेतही घातलं. वर्गशिक्षिका म्हणतात राष्ट्रीय बाल पुरस्काराला अर्ज करा. दुसरीकडे एका संस्थेचा फोन आला की आम्ही 'आंतरराष्ट्रीय' पुरस्कार देतो, फक्त नोंदणी फी भरा. तुम्ही विचारताय की अर्ज करावा का, कुठे करावा आणि दहावीच्या वर्षात हे झेपेल का.

फोनवाल्यांचं आधी निकालात काढू. पैसे घेऊन दिला जातो तो पुरस्कार नव्हे. हॉल भाड्याने घ्यायचा, एखादा नट बोलवायचा, शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी वाटायची, फोटोचे वेगळे पैसे लावायचे, हा पुण्यात आता व्यवस्थित चालणारा धंदा आहे. खालच्या कुठल्याही पुरस्काराला अर्जासाठी एक रुपया लागत नाही. तो नंबर ब्लॉक करा.

वर्गशिक्षिकांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. पण तुम्ही अर्जात जे लिहायचं ठरवलंय ते माझ्या मते चुकीच्या जागी जोर देतंय. मी मुलांसोबत काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे आणि दर वर्षी शिफारसपत्रं लिहिते, त्यामुळे असे मसुदे बरेच वाचनात येतात. बहुतेकांत 'इतक्या मुलांना शिकवलं, इतक्या वह्या वाटल्या, इतकी रोपं लावली' असतं. काम चांगलंच, पण ती सेवा झाली. हक्काचं काम त्याहून वेगळं असतं, आणि तुमच्या लेकीनं ते केलंय. तुम्ही मात्र ते प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत उरकलंय: 'शाळेनं आधार आणि जन्मदाखला मागितला, तेव्हा तिनं मोबाइलवर कायदा काढून दाखवला आणि मग प्रवेश झाले.'

अहो, सगळी गोष्ट त्या ओळीत आहे!

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. सत्र सुरू झालं तरी प्रवेश द्यायचा, हे कलम १५. आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं, हे कलम ४. शाळांना हे माहीत नसतं असं नाही. ऑनलाइन नोंद अडते, पट जुळत नाही, बाई आधीच दोन वर्ग सांभाळत असतात, म्हणून मग सोपं उत्तर मिळतं: 'आधार घेऊन या.' आई-बाप परभणीहून नाहीतर छत्तीसगडहून आलेले, दिवसाची हजेरी बुडवून शाळेत आलेले. ते एकदा परत गेले की पुन्हा येत नाहीत. तिथे नववीतली मुलगी उभी राहून म्हणते, 'सर, कायद्यात असं नाहीये'. तिनं शनिवारी घेतलेल्या गणिताच्या तासांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

जगातल्या मोठ्या पुरस्कारांकडे पाहिलं तर तेही हेच शोधत आलेत. आंतरराष्ट्रीय बालशांतता पुरस्कार नेदरलँड्सची 'किड्सराइट्स' ही संस्था २००५ पासून देते. पहिला मिळाला दक्षिण आफ्रिकेच्या न्कोसी जॉन्सनला, तोही मरणोत्तर. जन्मापासून एचआयव्ही असलेला हा मुलगा. १९९७ मध्ये जोहान्सबर्गमधली एक शाळा त्याला घ्यायला कां-कू करू लागली, ते प्रकरण देशभर गाजलं आणि अशा मुलांना शाळेतून वगळता येणार नाही हे तिथे धोरण म्हणून ठरलं. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत तो हजारो लोकांसमोर बोलला आणि पुढच्या वर्षी बाराव्या वर्षी गेला. आजही विजेत्याला जी मूर्ती मिळते तिला 'न्कोसी' असंच नाव आहे.

दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, तो पुरस्कार आपल्याकडे आला. राजस्थानचा ओमप्रकाश गुर्जर घरच्या कर्जापोटी पाचव्या वर्षापासून शेतात राबत होता. 'बचपन बचाओ आंदोलना'च्या कार्यकर्त्यांनी त्याला सोडवलं. शाळेत गेल्यावर त्यानं काय केलं? सरकारी शाळा फी घेते म्हणून तक्रार केली, आणि गावोगावच्या मुलांच्या जन्मनोंदणीच्या मागे लागला. जन्मदाखला नसला की वय सिद्ध होत नाही, आणि वय सिद्ध झालं नाही की बालमजुरी आणि बालविवाह दोन्ही कागदावर दिसतच नाहीत, हे त्याला चौदाव्या वर्षी कळलं होतं. वाघोलीच्या शाळेत अडलं तेही दाखल्यापाशीच ना? राजस्थानचीच पायल जांगिड हिंसला गावातली. तिनं स्वतःचं ठरवलेलं लग्न नाकारलं, गावच्या बाल पंचायतीची प्रमुख झाली, आणि २०१९ मध्ये गेट्स फाउंडेशननं तिचा सत्कार केला. मलाला सगळ्यांना माहीत असते. तिला हा बालशांतता पुरस्कार २०१३ मध्ये मिळाला, नोबेल त्याच्या पुढच्या वर्षी.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्यातलं कलम १२ म्हणतं की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. आपल्याकडे बालहक्क म्हटलं की संरक्षण आठवतं. हे सहभागाचं कलम मोठ्यांना जरा अडचणीचंच वाटतं.

आता अर्ज. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार केंद्राचं महिला व बालविकास मंत्रालय देतं. वयोगट ५ ते १८, आणि शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला-संस्कृती, विज्ञान-तंत्रज्ञान असे विभाग. बालहक्क असा वेगळा विभाग नाही, तुम्हाला समाजसेवेतच भरावा लागेल. अर्ज राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन, आणि मूल स्वतःही करू शकतं. गेल्या काही वर्षांचा रिवाज बघता खिडकी एप्रिलला उघडते आणि जुलैअखेरच्या सुमारास बंद होते. दर वर्षीची तारीख पोर्टलवर बघून घ्या. २०२४ पासून वितरण २६ डिसेंबरला, वीर बाल दिवसाला, राष्ट्रपतींच्या हस्ते होतं. देशभरातून साधारण वीसेक मुलं निवडली जातात, तेव्हा न मिळणं हेच गृहीत धरून भरा.

बालशांतता पुरस्काराला वय १२ ते १८ लागतं. ब्रिटनचा डायना अवॉर्ड ९ ते २५ वयासाठी आहे, तिथे घरच्यांना नाव सुचवता येत नाही. तुमच्या वर्गशिक्षिका सुचवू शकतील. तिच्या वयाला अजून बराच अवकाश आहे, हे लक्षात ठेवा.

मजकुराला शब्दमर्यादा असते, पाचशेच्या आसपास. तुम्ही पाठवलेली सुरुवात अशी आहे: 'लहानपणापासूनच संवेदनशील असलेल्या माझ्या मुलीला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ होती.' हे खोडा. वाचणाऱ्यानं त्या दिवशी असे शंभर संवेदनशील मुलगे-मुली वाचलेले असतात. त्याऐवजी तिलाच लिहू द्या, आणि अमुक महिन्यात अमुक शाळेत गेलो, हे कागद मागितले, आम्ही हे कलम दाखवलं, मुख्याध्यापक असं म्हणाले, इतक्या मुलांची नावं पटावर आली, त्यातली आज इतकी वर्गात बसतात, असं साधं लिहू द्या. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा लहान असणार. तो लपवू नका. दोन मुलं गळाली तर का गळाली तेही लिहा: धाकटं भावंड सांभाळायला घरी राहिली, की मुकादमानं दुसऱ्या साइटवर हलवलं? हे माहीत असणारीच मुलगी खरोखर तिथे जात होती हे वाचणाऱ्याला कळतं. सोबत पटावरच्या नोंदीचं शाळेचं पत्र जोडा. नगरसेवकासोबतचा फोटो नको.

फोटोवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की 'मुलांसोबतचे भरपूर फोटो आहेत, सोशल मीडियावरही टाकलेत'. ते आजच उतरवा. बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं, आणि कायदा मोडून कामाला लावलेली मुलं त्यात मोडतात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, शेंबडं नाक पुसत बसलेल्या पोराचा फोटो तुमच्या लेकीच्या फाइलमध्ये का असावा? त्याच्या आईला विचारलं होतं का? अर्जाला फोटो हवाच तर पाठमोरा, नाहीतर हातांचा, वह्यांचा. एखाद्या मुलाचा मारहाणीचा किंवा त्याहून वाईट काही प्रकार तिच्या कानावर आला असेल, तर तो अर्जात मुळीच घालू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा.

आणि मैत्रिणी? तुमच्या प्रश्नात सुरुवातीला 'ती आणि तिच्या मैत्रिणी' आहेत, मग त्या कुठे दिसतच नाहीत. बाल पुरस्काराचा अर्ज एकाच नावानं होतो हे खरं, पण मजकुरात त्यांचं काम लिहायला कुणी अडवलेलं नाही. बालशांतता पुरस्कार तर २०२१ मध्ये दिल्लीच्या विहान आणि नव अगरवाल या भावांना मिळून दिला होता, २०२३ मध्ये युक्रेनच्या तीन मुलींना. एकीचंच नाव चौकातल्या फ्लेक्सवर चढलं की बाकीच्या पुढच्या शनिवारी येत नाहीत. हे मी होताना पाहिलंय, आणि त्यात त्या मुलींना बोल लावता येत नाही.

दहावीचं म्हणाल तर अर्ज दोन रविवारचं काम आहे, त्याची धास्ती नको. धास्ती घ्यायची तर पुरस्कार मिळाल्यानंतरची: भाषणं, शाळांची आमंत्रणं, 'चार शब्द बोल बाळ'. तेव्हा नाही म्हणायचं काम तुमचं, तिचं नव्हे.

अर्जाआधी मात्र एक काम उरकून घ्या. तुम्ही लिहिलंय की इमारतीचा शेवटचा स्लॅब पडलाय. म्हणजे काही महिन्यांत ही कुटुंबं तिथून हलणार, आणि मुलांची नावं जुन्या पटावर तशीच राहून ती पुन्हा शाळाबाह्य होणार. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड असतं. मुख्याध्यापकांकडे तुमच्या लेकीनं प्रत्येक मुलासाठी ते मागावं, आणि शक्य असेल तिथे शाळा सोडल्याचा दाखलाही. कार्ड मुलाच्या हातात न देता आईच्या हातात द्यावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि फोनमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवावा. मुकादमाला विचारलं तर पुढची साइट कुठली ते बहुतेक वेळा तो सांगतो. ती साइट पुण्यातच असेल तर तिथली सगळ्यात जवळची मनपा किंवा जिल्हा परिषदेची शाळा कोणती, तेही तिनं कार्डामागे लिहून द्यावं.