रेफरी मूठ वर करतो आणि मग कमरेवर हात ठेवतो, म्हणजे काय?

वाशीच्या बास्केटबॉल सामन्यात तुम्ही पाहिलंत तो ब्लॉकिंगचा, म्हणजे अंगाने वाट अडवण्याचा फाउल. शिट्टीसोबत मूठ वर म्हणजे फाउल. उघडा पंजा वर असेल तर ट्रॅव्हलिंगसारखी (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्यासारखी) चूक. मग रेफरी स्कोअररच्या टेबलाकडे येऊन आधी खेळाडूचा नंबर, मग फाउलचा प्रकार, शेवटी फ्री थ्रो किती किंवा बॉल कुठल्या दिशेला ते दाखवतो.

मी नेरुळला स्कोअरशीट लिहितो, माझी नजर नंबरावरच. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या पद्धतीत १२ म्हणजे उजवी मूठ आणि डाव्या हाताची दोन बोटं. २४ असेल तर आधी हाताची मागची बाजू आमच्याकडे करून दोन बोटं, मग पंजा फिरवून चार. इथे गफलत झाली तर भलत्याच पोरीच्या नावावर पाचवा फाउल लागून ती बाहेर बसते. म्हणून हात क्षणभर स्थिर धरणारा रेफरी मला फार आवडतो.