‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘गरज नाही’ नव्हे

प्रश्न : कार्यालयातील शनिवारच्या सुट्टीची सूचना मी इंग्रजीत लिहिली : ‘एम्प्लॉईज मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे.’ मला ‘येण्याची गरज नाही’ असे म्हणायचे होते. वरिष्ठांनी मात्र ‘मस्ट’ खोडून ‘नीड’ केले. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ हे दोन्ही सक्तीच दाखवतात, तर त्यांच्या नकारात फरक का? शिवाय, नियमावलीत ‘शॅल’ लिहावे की ‘मस्ट’? – एक वाचक, सातारा

उत्तर : वरिष्ठांनी केलेली दुरुस्ती योग्यच आहे. आपल्या वाक्याचा अर्थ ‘शनिवारी कोणीही येता कामा नये’ असा होतो, म्हणजे कामाचा उरक पाडायला स्वखुशीने आलेला माणूसही नियमभंग करतो. ‘मस्ट’नंतरचा ‘नॉट’ सक्तीला हात लावत नाही, तो पुढच्या क्रियेला लागतो, त्यामुळे न येण्याचीच सक्ती होते; ‘डोन्ट हॅव टू’ आणि ‘नीड नॉट’ यांत मात्र सक्तीच नाकारली जाते आणि येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहते. आपली गफलत होते ती ‘नको’मुळे, कारण ‘उद्या डबा आणायला नको’ यात गरज नसते आणि ‘असे बोलायला नको’ यात मनाई असते, तरी शब्द तोच. म्हणून इंग्रजी लिहिण्यापूर्वी मनातले वाक्य ‘येऊ नये’ आहे की ‘आलेच पाहिजे असे नाही’, हे ठरवून घ्यावे.

भूतकाळातील सक्तीसाठी ‘हॅड टू’ वापरावे. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘त्याला जावे लागले’ नव्हे, ‘तो गेला असणार’.

‘शॅल’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 320(3) मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत ‘शॅल’ आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये, उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात, ती तरतूद बंधनकारक नसून निर्देशात्मक असल्याचे ठरवले आणि सल्ला न घेतल्याने सरकारी कारवाई रद्द होत नाही, असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा 2007 मध्ये सुधारताना तर ‘शॅल’ला सरसकट रजा देण्यात आली आणि सक्तीच्या जागी ‘मस्ट’ आले. वकिलांना ‘शॅल’चा लळा असला तरी कार्यालयीन नियमावलीत ‘मस्ट’च बरा. मनाईसाठी मात्र ‘मे नॉट’ टाळावे : ‘एम्प्लॉईज मे नॉट कम’ हे वाचून कोणी ‘यायचे नाही’ असे समजेल, तर कोणी ‘कदाचित येणार नाहीत’ असे.